चारही कोपरे

ग्झिराच्या धक्क्यासमोर, पडद्यांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर
मार्थीझ रात्रपाळीला असते.
काम सोपं : जिंकलेल्यांना पैसे द्यायचे.
म्हणजे द्यायचे असतातच,
आधी जरा थांबायचं असतं.

खिडकीबाहेर पाण्यापलीकडे वालेटाची पिवळी भिंत,
शेवटची बोट कधीच गेलेली,
टेबलावर दोन पास्तित्झी, गार,
तेलानं कागदाची काच झालेली.
पडद्यावर रांग : नाव, गाव, रक्कम, तास.

राइमो ह्युत्तिनेन, तांपेरे. बस चालवतो.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी, शेवटच्या थांब्यावर,
इंजिन चालू ठेवून, बाहेर वजा एकोणीस,
उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून
त्यानं अंगठ्यानं चक्र फिरवलं
आणि पाच बेडूक एका रेषेत येऊन बसले.
चार हजार तीनशे दहा युरो.

पैसे आत यायला सात सेकंद लागतात.
बाहेर जायला अठ्ठेचाळीस तास.
'बँकेमुळे का?' मार्थीझनं पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.
'बँक तयारच असते गं,' ग्लॉरियान म्हणाली, नखं रंगवत,
'वेळ आपण त्याला देतो.
विचार बदलायला.'

राइमोनं विजेचं बिल पाठवलं.
वरचा डावा कोपरा फोटोबाहेर.
नियम असा की चारही कोपरे दिसले पाहिजेत.
मार्थीझ लिहिते, लिहीत नाही, निवडते,
वाक्यं आधीच कुणी लिहून ठेवलीत :
प्रिय राइमो, हार्दिक अभिनंदन, परंतु

आणि तिकडे त्याच्या फोनवर, त्या रकमेच्या शेजारी,
एक हिरवं बटण जागं असतं. परत घ्या.
त्याला बिल लागत नाही, पासपोर्ट लागत नाही,
कोपरा तर एकही नाही.

खेळाच्या माहितीत अगदी तळाशी, राखाडी अक्षरांत
छापलेलं आहे : परतावा शहाण्णव टक्के.
खोटं नाही ते. तपासनीस येतात, तपासून जातात.
शंभरात शहाण्णव!
शाळेत एवढे पडले असते तर मार्थीझ इथे नसती.
फक्त ते शहाण्णव पुन्हा फिरतात,
ब्याण्णव होतात, मग अठ्ठ्याऐंशी,
प्रत्येक फेरीला हातचे चार उरतात
आणि हात आमचा असतो.
असं सरळ उतरत नाही म्हणा.
मधेच वर उसळतं.
नाहीतर माणूस घरी नसता का गेला?

दुसरा फोटो पहाटे चार एकोणपन्नासला आला.
स्वयंपाकघरातलं टेबल. बिल अंथरलेलं,
वारं नसताना उडून जाईल अशा भीतीनं दाबलेलं :
एका कोपऱ्यावर मिठाची बाटली,
दुसऱ्यावर किल्ली, तिसऱ्यावर
लहान मुलाचा लाल हातमोजा.
चौथ्यावर त्याचा स्वतःचा अंगठा.
थंडीनं फुटलेलं नख. त्याखाली काळं.

तिनं फोटो मोठा केला.
कोपरा दिसत नव्हता.
कोपरा होता, एवढं मात्र दिसत होतं.
ग्लॉरियान कॉफी आणायला गेली होती.
मार्थीझनं मंजूर दाबलं.

रक्कम उपलब्ध नाही, यंत्र म्हणालं.
ग्राहकानं पैसे परत घेतले : चार वाजून एकवीस.
म्हणजे फोटो काढला तेव्हा
बहुतेक सगळं उडून गेलेलंच होतं,
आणि तरी त्यानं काढला,
नीट, दिव्याखाली, चार बाजूंनी दाबून.
शिल्लक सहा युरो चाळीस सेंट.
काढायचे तर किमान वीस हवेत.

रांगेत पुढचं नाव आलं, ग्रिम्सबीची कुणी बाई.
मार्थीझनं ते उघडलं नाही लगेच.
बिलावरचा आकडा आपण वाचायचा नसतो,
फक्त नाव, पत्ता, कोपरे.

एकशे सदुसष्ट युरो.
चौदा तारखेच्या आत.